पळसाखालची जागा

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा पंचशीला सरवदेचा नवरा उस्मानाबादेहून बदलून इकडं आला. कचेरी नवी, खुर्च्या नव्या, भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा, असे ते दिवस. दीड वर्षातच त्याला कावीळ झाली आणि आठवड्याभरात तो गेला. लेकरूबाळ नव्हतं. पंचशीला मॅट्रिक झालेली होती, म्हणून त्याच्या जागी तिला कारकुनाची नोकरी मिळाली. मग तिनं औशाच्या पुढच्या गावात एकटीच राहणाऱ्या आपल्या आईला, भामाबाईला, क्वार्टरवर आणलं.

नोकरी टंचाई शाखेत होती. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. सकाळी दार उघडायच्या आधीच गावोगावचे सरपंच व्हरांड्यात येऊन बसलेले असत आणि दिवे लागेपर्यंत एकच शब्द कानावर पडत राही, टँकर. घरी आल्यावरही पंचशीलाच्या डोक्यात तोच शब्द घुमत असायचा.

भामाबाईनं पन्नाशी नुकतीच ओलांडली होती, पण बघणाऱ्याला ती सत्तरीची वाटायची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती. ती धूळ अजून छातीत बसलेली. चार पावलं भरभर टाकली की तिच्या श्वासाला शिट्टी लागे. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तिचा जीव घुसमटायचा, म्हणून पंचशीला मागच्या गल्लीतल्या बारवेच्या बागेची सभासद झाली. आईला बसायला सावली मिळावी, एवढाच तिचा हेतू.

बाग निजामाच्या काळातली. मधोमध दगडी बारव, भोवती चिंचा, कडुनिंब, दोन जुन्या बकुळी. बाग राखायला लोकांनीच एक समिती काढलेली. धान्याच्या गंजातले आडते सिद्रामप्पा तिचे अध्यक्ष आणि निवृत्त मुख्याध्यापिका उमाबाई चिटणीस. त्या साली बारवेचं पाणी टँकर भरायला गेलं. हुकूम पंचशीलाच्याच शाखेतून निघाला होता, पण समितीत तिला कुणी बोल लावला नाही. "आधी माणसं, मग झाडं. काय करता?" एवढंच सिद्रामप्पा म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. मग असं ठरलं की प्रत्येक सभासदानं घरचं भांडी धुतलेलं पाणी आणून एकेक झाड जगवायचं. भामाबाईच्या वाट्याला कोपऱ्यातला कडुनिंब आला. पहाटे, बागेत कुणी यायच्या आत, ती डालड्याच्या डब्यात पाणी घेऊन जायची, झाडाच्या बुडाशी ओतायची आणि उजाडताना परत यायची.

पहाटेच जायची, त्यालाही कारण होतं. लोकांनी आपल्याकडं बघू नये असं तिला वाटायचं.

नांदेडच्या कॉलेजात शिकवणारा नरसिंग धावारे हा लेखक भामाबाईचा मुलगा, पंचशीलाचा धाकटा भाऊ. त्यानं स्वतःच्या लहानपणावर पुस्तक लिहिलं, त्याला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुस्तकातलं एक प्रकरण तर वाचणाऱ्याच्या तोंडी झालं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पाझर तलावाच्या कामावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत भामाबाईची तान्ही मुलगी तापानं फणफणत होती. मोजमाप पुरं झालं नाही तर दिवसाची मजुरी बुडायची, म्हणून आई खडी फोडत राहिली आणि संध्याकाळी उठून गेली तेव्हा लेकरू गार पडलं होतं. नरसिंग तेव्हा चौदा वर्षांचा. नांदेडच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेला, आईच्या शेजारीच टोपलं उचलत होता. त्यानं जे पाहिलं ते लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी पुस्तक निघाल्यावर एके दुपारी कॉलेजच्या दोन मुली पत्ता शोधत क्वार्टरवर आल्या. भामाबाई उंबऱ्यात बसली होती. मुली तिच्या पाया पडल्या, तिच्याशी गोड बोलल्या आणि त्यातल्या एकीनं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "आजी, तुम्ही दिवसभरात एकदाही उठला नाहीत?"

भामाबाईनं पदर पुढं ओढला. मुली गेल्यावर आत आली आणि चुलीपुढं बसली. पंचशीला चिडून भावाला नाही नाही ते बोलली, तेव्हा आईनंच तिला थांबवलं.

"खरंच हाय की ते," भामाबाई म्हणाली. "न्हाई उठले मी. पण ते माझं हुतं, पंचू."

त्या दिवसापासून ती उंबऱ्यात बसली नाही.

पंचशीला पुढच्याच रविवारी नांदेडला गेली. नरसिंगनं हौसेनं दार उघडलं आणि पाच मिनिटांत दोघांची जुंपली.

"मी खोटं लिहिलंय का आक्का? सांग ना, एक ओळ खोटी दाखव."

"खोटं लिहिलं असतंस तर तिला तुझ्याशी भांडता तरी आलं असतं," पंचशीला म्हणाली. "आता कुणाशी भांडावं तिनं?"

"ज्यांनी तिला उठू दिलं नाही त्यांच्यावर लिहिलंय मी. तिच्यावर नाही."

"लोक तिला बघायला येतात, नरसू. त्यांना बघायला कुणी जात नाही."

ती पाणीही न पिता निघाली. मग दोन वर्षं भावाबहिणीचं येणंजाणं तुटलं. नांदेड काही लांब नव्हतं. लोहा, अहमदपूर करत चार-पाच तासांत एसटी लातूरला टेकते. पण तो आला नाही आणि हिनं बोलावलं नाही. भामाबाई दोघांपैकी कुणालाच काही म्हणाली नाही.

समिती दरवर्षी चैत्रात सभासदांना सकाळचा नाश्ता द्यायची आणि कुणीतरी पाहुणा बोलवायची. त्या साली पाणी नाही, झाडं वाळताहेत, लोकांचं मन लागत नाही, तर एखादा चांगला लेखक आणावा असं उमाबाईंच्या मनात आलं. सभेत त्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, "नरसिंग धावारे यायला तयार झालेत. आपल्याच भागातले आहेत, औशाकडचे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचशीलानंही हात जुळवले, पण ते वाजले नाहीत. आता सांगावं, मग सांगावं असं करता करता सभा संपली आणि ती तशीच घरी आली. आईला कळू द्यायचं नाही, त्या रविवारी तिला काहीतरी निमित्त काढून घरीच ठेवायचं, असं तिनं वाटेत ठरवलं.

पण भामाबाईला ते आधीच कळलं होतं. पहाटे बागेत तिला उमाबाई भेटल्या होत्या. समोरची म्हातारी कोण हे त्यांना कुठं ठाऊक! "आजी, तुम्हीही या हं नाश्त्याला," म्हणून त्यांनी पाहुण्याचं नावही सांगून टाकलं होतं.

"नरसू येनार हाय म्हणं," भामाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

पंचशीलाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "तू नको येऊ माय. तिथं लई लोक असत्यात. ते पुस्तकातलंच काढतील."

"काढू दे. मला त्याच्याशी काम हाय."

"काय काम?"

भामाबाईनं भाकरी उलटली. "आपल्या गावचं तळं आटलंय. परवा जनाबाईचा ल्योक सांगत हुता, पार बूड दिसतंय. काम झाल्यापासून पहिल्यांदाच." थोडं थांबून ती म्हणाली, "लेकराला तळ्याच्या पोटातच पुरलंया. तुझ्या बापानं आन् नरसूनं. बायांनी जायचं न्हाई म्हणून मला नेलं न्हाई. तू तर तवा सासरीच हुतीस. मग पाणी आलं आन् सगळं बुडालं. मी ती जागा बघितलीच न्हाई पंचू. बाप गेला तुझा. आता नरसूबिगर कुणाला ठाव हाय?"

पंचशीलाला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. लेकरू गेलं एवढंच तिला माहीत. कुठं ठेवलं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या रविवारी, उन्हं तापायच्या आत, बारवेच्या बागेत सतरंज्या पडल्या. चाळीसेक माणसं आली. आता घरच्या सांडपाण्याचे डबे, कळश्या हातात घेऊन लोक नाश्त्याला येतात, असं दुसरीकडं कुठं दिसायचं नाही. आधी जो तो आपापल्या झाडाकडं गेला, पाणी ओतलं, मग रिकामा डबा शेजारी ठेवून सतरंजीवर बसला. भांडी धुवायला लागू नयेत म्हणून पळसाच्या पानांचे द्रोण आणले होते. चुरमुऱ्यांच्या सुशीलेचं मोठं पातेलं झाकून ठेवलेलं, कढीपत्त्याचा वास सुटलेला. बारवेवर टँकरच्या पंपाचा आवाज चालू होता. सिद्रामप्पांनी माणूस पाठवून तो तासाभरासाठी बंद करायला लावला आणि मग त्यांनाच चुटपुट लागली. "नको, नको, भरू दे त्याला," ते म्हणाले. मग सगळा कार्यक्रम त्या पंपाच्या घरघरीतच झाला.

पंचशीला आईला घेऊन अगदी मागं, चिंचेच्या बुंध्याशी बसली. भामाबाईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

नरसिंग सिद्रामप्पांच्या घरून त्यांच्याबरोबरच आला. तो वाळला होता, चष्म्याची काच जाड झाली होती. लोक उठून उभे राहिले, उमाबाईंनी शाल दिली, नारळ दिला. तो नम्रपणे हसला. मागच्या रांगांकडं त्याचं लक्षच गेलं नाही. पंचशीलाला वाटलं, आत्ताच उठून पुढं जावं, त्याच्या कानात सांगावं. पण आईनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

तो झाडांबद्दल चांगलं बोलला. गावाकडच्या चिंचांबद्दल बोलला, लोकांना हसवलंही. आणि मग उमाबाई उठल्या. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"सर, आमच्या सगळ्यांची विनंती आहे. ते बाभळीचं प्रकरण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

नरसिंगनं एकदा नाही म्हणून पाहिलं. लोकांनी पुन्हा आग्रह केला. सिद्रामप्पांनी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं पान शोधलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला.

"बाभळीला माझी धाकटी बहीण टांगलेली होती. बाभळीला सावली किती असते? वारा आला की ती सावलीही हलायची आणि झोळीवर ऊन पडायचं. सकाळी ती रडली. दुपारी कण्हली. मग तिनं तेही सोडलं. माझ्या आईचा हातोडा मात्र थांबला नाही. मी हातोडा मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, आता उठेल, आता उठेल. तिचं अजून नावही ठेवलं नव्हतं. नाव नसलेल्या लेकराला हाक तरी कशी मारायची?"

पंचशीला आईकडं बघायला धजली नाही. आपल्या मनगटावरची बोटं तेवढी तिला कळत होती. ती घट्ट झाली नाहीत की सैल झाली नाहीत. संध्याकाळ, बापानं झोळी सोडणं, शेवटचं वाक्य, सगळं वाचून झालं. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली.

"चांगलं वाचतो," भामाबाई पुटपुटली. "शाळंतबी असंच वाचायचा."

तिनं मनगट सोडलं, चिंचेला हात टेकून ती उठली आणि सतरंज्यांच्या कडेनं पुढं चालायला लागली. पंचशीला तिच्या मागून निघाली. लोक द्रोणांत सुशीला घेण्याच्या गडबडीत होते. म्हातारीकडं कुणी पाहिलं नाही. ती नरसिंगच्या समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा सहीसाठी कुणी आलं असेल असं वाटून त्यानं हसत मान वर केली.

हसू तसंच राहिलं. मग तो खुर्चीवरून उठला, पुस्तक खाली पडलं आणि त्यानं वाकून आईचे पाय धरले.

"माय, तू..."

"ऊठ," भामाबाई म्हणाली. "आवाज कामून बसलाय तुझा? नीट खात न्हाईस."

शेजारी उभ्या असलेल्या उमाबाईंना आधी उमजलंच नाही. उमजलं तशी त्यांच्या तोंडावरची सगळी रया गेली. त्यांनी पंचशीलाकडं पाहिलं. पंचशीलानं नुसती मान हलवली. "आई गं," उमाबाई म्हणाल्या, "मी हे कुणापुढं वाचायला लावलं!" त्यांनी घाईघाईनं खुर्ची ओढली, भामाबाईला बसवलं, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या. मग भामाबाईनंच त्यांना सांगितलं, "जावा बाई, मंडळींचं बघा. च्या निवल."

आता तिघंच राहिली. नरसिंग आईपुढं जमिनीवर बसला.

"नाव ठेवलं हुतं रे तिचं," भामाबाई हळूच म्हणाली. ते फक्त त्याला आणि पंचशीलाला ऐकू गेलं. "गौतमी. तुझ्या बापानं ठेवलं. तू नांदेडला हुतास, तुला कळीवलं न्हाई कुणी. सुट्टीत आलास तवा आमी बाळी बाळीच म्हणत हुतो, म्हणून तुला वाटलं असल."

खाली पडलेलं पुस्तक नरसिंगनं उचललं, धूळ झटकली, कुठं ठेवावं ते त्याला समजेना, म्हणून ते तो हातातच धरून बसला.

"पुढच्या आवृत्तीत मी..." तो म्हणायला लागला.

"नगं. तेवढं ऱ्हाऊ दे माझ्यापाशी." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नरसू, तळं आटलंय. मला तिची जागा दावतोस का?"

दुपारचं जेवण सिद्रामप्पांच्या घरी ठरलं होतं. नरसिंगनं त्यांना हात जोडून सगळं सांगितलं, तेव्हा त्या माणसानं एक शब्द जास्तीचा विचारला नाही. "जीप घेऊन जा," एवढंच म्हणाले. भामाबाई जीपला नको म्हणाली. एसटीनं जाऊ, एसटीनंच जायची सवय आहे, असं तिनं धरून ठेवलं. उमाबाईंनी एका द्रोणात सुशीला बांधून दिली, ती घरी येऊन तिघांनी खाल्ली आणि ऊन कलल्यावर औशाची गाडी धरली. औशाच्या स्टँडवर दुसरी गाडी बदलली. फाट्यावर उतरून पाऊण कोस चालायचं होतं. भामाबाई दर थोड्या वेळानं उभी राहायची, श्वासाची शिट्टी कमी व्हायची वाट बघायची आणि पुन्हा निघायची. नरसिंगनं दोनदा तिला उचलून घेऊ का म्हणून विचारलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तलावाच्या बांधावर चढल्यावर तिघंही थांबली. पाण्याचा टिपूस नव्हता. नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, मध्ये मध्ये बेशरमाची वाळकी झुडपं, पलीकडच्या कडेला चार-दोन शेरडं. बांधाच्या आतल्या बाजूला दगड लावलेले. ते फोडायला आणि वाहायला भामाबाईही होती. तिनं एकदा त्या दगडांवरून नजर फिरवली आणि खाली बसली. मग लहान पोरीसारखी, बसल्या बसल्या, एकेक दगड हातानं चाचपत ती उतरून गेली. नरसिंग हात द्यायला धावला तोवर ती गाळात उभी होती.

"कुठं रं?"

नरसिंग पुढं झाला. "पळस होता," तो म्हणाला. "ओढ्याच्या कडेला मोठा पळस होता. त्याच्या खाली."

हे पुस्तकात नव्हतं, पंचशीलाही पहिल्यांदाच ऐकत होती. पण आता ओढा कुठला आणि कडा कुठली! चौदा वर्षांच्या गाळानं सगळं एका पातळीत आणलेलं. नरसिंग डावीकडं गेला, थांबला, बांधाकडं वळून पाहिलं, डोळ्यांनी काहीतरी अंदाज घेतला, मग उजवीकडं गेला. चष्मा काढून पुसला. एका वाळक्या खोडापाशी जाऊन त्यानं ते पायानं हलवून पाहिलं. ते बेशरमाचंच निघालं. भामाबाई जिथं होती तिथंच उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तिनं घाई केली नाही. पंचशीलाला मात्र भावाची पाठ दिसत होती आणि शर्ट घामानं पाठीला चिकटत चाललेला दिसत होता. त्याला सापडत नाही हे तिला कळलं. आता तो वळेल आणि तसं सांगेल, आणि मग आईला इथून परत कसं न्यायचं, हे तिला सुचेना.

नरसिंग वळला. त्यानं आईकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"इथं," तो म्हणाला. "इथंच माय. इथंच ठेवलं होतं आम्ही."

त्याच्या पायाशी वेगळं काहीच नव्हतं. बाकीच्या गाळासारखाच गाळ, तशाच भेगा.

भामाबाई आली. तिनं वाकून तळहात जमिनीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. दिवसभर तापलेली माती होती ती. मग तिनं जरा विचार केला, उठून दुसऱ्या बाजूला गेली आणि सूर्याकडं पाठ करून अशी बसली की तिची सावली बरोबर त्या तुकड्यावर पडावी. सावली थोडी कमी पडली तेव्हा तिनं पदर सोडला आणि दोन्ही हातांनी तो बाजूला ताणून धरला.

"गौतमे," ती म्हणाली, "आले बग मी."

पुढं ती जे बोलली ते पंचशीलाला ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणूनच ती लांब गेली. नरसिंगही बांधाशी जाऊन दगडावर बसला होता. त्यानं तोंड हातांत झाकलं होतं. पंचशीला त्याच्या शेजारी बसली. दोन वर्षांत भाऊबहीण इतक्या जवळ बसली नव्हती. ऊन उतरत गेलं तशी आईची सावली आपोआप लांब झाली, पण तिनं पदर खाली केला नाही. शेवटी पंचशीलालाच जाऊन तिला उठवावं लागलं, कारण शेवटची गाडी चुकली असती.

परतीच्या एसटीत भामाबाईला झोप लागली. नरसिंगच्या खांद्यावर डोकं टेकून ती गाढ झोपली होती आणि तिचा श्वास कधी नव्हे तो शांत चालला होता.

"तीच जागा होती?" पंचशीलानं हळूच विचारलं.

नरसिंगनं आईचं डोकं खांद्यावर नीट सावरलं.

"पळस नाही राहिला आक्का," तो म्हणाला.

त्यानंतर नरसिंग महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिला. यायचा, एक दिवस राहायचा, आईच्या हातची भाकरी खाऊन जायचा. पावसाळा त्याही वर्षी मनासारखा झाला नाही. बागेतल्या दोन्ही बकुळी गेल्या. उमाबाई अधूनमधून क्वार्टरवर येऊन भामाबाईपाशी बसत, पण त्या पुस्तकाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

भामाबाई पौषात गेली. छातीतच पाणी झालं होतं. जायच्या थोडे दिवस आधी, सकाळच्या उन्हात अंगणात बसून मेथी निवडताना, ती आपण होऊन पंचशीलाला म्हणाली, "त्याला जागा ठाव न्हवती गं."

पंचशीलाचे हात थांबले.

"मला तवाच कळलं. बारका हुता तवाबी असंच करायचा. ठाव नसलं की आधी खाली बगायचा आन् मग बोलायचा." तिनं काडी मोडून बाजूला टाकली. "असू दे. सगळ्या तळ्यातच हाय की ती. आन् आला बी तो माझ्यासंगट."

अंत्यविधीला समितीतली बरीच मंडळी आली. सिद्रामप्पा थेट स्मशानभूमीपर्यंत चालत आले. त्रिशरण-वंदना झाली, नरसिंगनं अग्नी दिला. तो पाच दिवस बहिणीकडं राहिला आणि सहाव्या दिवशी नांदेडला निघाला. पंचशीला त्याला स्टँडवर सोडायला गेली. गाडी लागली होती, लोक चढत होते. त्यानं पिशवी आत ठेवली आणि पुन्हा खाली उतरला.

"आक्का, एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी तळ्यात... मायला कळलं होतं का?"

त्याचे डोळे लाल झाले होते. दाढी वाढली होती. पंचशीलानं त्याच्याकडं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तिला तीच जागा वाटली. शेवटपर्यंत सांगत होती, नरसूनं दावली म्हणून."

नरसिंगनं मान हलवली. कंडक्टरनं घंटी दिली, तसा तो चढला. गाडी स्टँडबाहेर पडून अहमदपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ती उभी राहिली. मग पदर डोक्यावर घेतला आणि कचेरीकडं चालायला लागली. टंचाई शाखेत त्या वर्षी सुट्टी कुणालाच नव्हती.